नवी जागा घेतलीत, भाजीची बाग कुठून सुरू करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरापासून दूर दीड एकर जागा नुकतीच घेतली आहे. तिच्यावर जुनं घर आणि विहीर आहे, कडेने मोठी झाडं आहेत आणि मधला तुकडा बरीच वर्षं पडीक आहे. घरात पाच माणसं, त्यांतली दोन लहान. भाजी घरचीच खायची आहे, आणि त्यासाठी ट्रॅक्टर बोलावून अर्धा एकर नांगरून घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

नांगरून घेऊ नका. पहिल्या वर्षी १५ ते २० चौरस मीटर एवढीच जागा लागवडीखाली आणा, म्हणजे १.२ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असे तीन किंवा चार वाफे. दीड एकर घेऊन एवढ्याशाच तुकड्यात लावायचं का, असं मनात येईल. पण परसबागेचा आकार जमीन किती आहे यावरून ठरत नाही, आठवड्याला तुम्ही किती पाणी देऊ शकता आणि किती खुरपणी तुमच्याने होते यावरून ठरतो. बाग हातातून जाते ती बहुतेक वेळा लागवडीनंतर महिना-दीड महिन्याने. रोपांनी नुकता जीव धरलेला असतो, तण त्यांच्या दुप्पट वेगाने वाढत असतं, पाण्याची गरज चढत असते, आणि घरातल्या प्रत्येकाला स्वतःची कामं असतात. त्या काळात २० चौरस मीटर सांभाळता येतात. अर्धा एकर म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर. नोकरी आणि शाळा सांभाळणाऱ्या घराला ते हाताने निंदून काढणं झेपणार नाही, आणि एकदा तणाने बाग गिळली की पुन्हा हात घालायची उमेदच राहत नाही.

पाण्याचा हिशेब तर कागदावरच करून बघा. भाजीपाल्याला मध्यम हवेत आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं, पाऊस धरून. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे २० चौरस मीटरला आठवड्याला ५०० लिटर, आणि कडक ऊन, कोरडा वारा असेल तर त्याच्या दुप्पट. हाच हिशेब अर्ध्या एकराला लावला तर आठवड्याला ५०,००० लिटर होतात. तुमची विहीर तेवढं देते का, हे तिच्यावरचा एक अख्खा कोरडा हंगाम काढल्याशिवाय कळणार नाही. आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो, पहिल्या वर्षी दर पंधरा दिवसांनी दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बाग किती वाढवायची याचं उत्तर त्या वहीत असेल.

त्याच विहिरीचं पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्यासाठी जंतू आणि नायट्रेट बघायचे, कारण घरात लहान मुलं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. बागेसाठी मात्र खारटपणा महत्त्वाचा. अहवालात त्याला विद्युत वाहकता म्हणतात. ती मीटरला ०.७ डेसिसीमेन्सच्या आत असली तर काळजी नाही, ३ च्या वर गेली तर बहुतेक भाज्या खुरटतात. मधल्या आकड्यांत पिकं निवडून लावावी लागतात: घेवडा, गाजर, कांदा आणि मुळा यांना खारं पाणी लवकर बाधतं, बीट बरंच सोसतं. हे आधी कळलं तर पानांच्या कडा का जळतायत म्हणून पुढे महिनाभर औषधं मारत बसावं लागत नाही.

आता जागा. तुमच्याकडे दीड एकरात निवडीला भरपूर वाव आहे, आणि म्हणूनच इथे घाई नको. फळभाज्यांना, म्हणजे टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी, भोपळा यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन हवं. पालेभाज्यांचं ४ तासांत भागतं. एखाद्या निरभ्र दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी झाडांच्या आणि घराच्या सावलीच्या कडेला खुंट्या ठोकत जा. संध्याकाळी कुठला तुकडा दिवसभर मोकळा राहिला ते दिसेल. फक्त एवढं लक्षात ठेवा की सावली ऋतूप्रमाणे सरकते. थंडीत सूर्य खाली उतरतो आणि सावल्या लांबतात, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका हा फरक मोठा. उन्हाळ्यात उघडी वाटलेली जागा थंडीत दिवसभर काळोखात असू शकते. मोठ्या झाडांपासून लांब राहण्याचं कारण नुसती सावली नाही. झाडांची मुळं फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात, आणि तुम्ही घातलेलं पाणी आणि खत सगळ्यात आधी तीच पितात.

अगदी खोलगट जागाही नको. तिथे पाणी साचतं, आणि थंड प्रदेशात रात्रीची गार हवा उतरून तिथेच बसते, म्हणून दहिवर गोठतं ते आधी तिथे. मलमूत्राच्या टाकीची आणि तिच्या शोषखड्ड्याची जागा आधी शोधून काढा आणि त्यांच्यावर भाजी लावू नका. विहिरीच्या अगदी जवळ शेणखताचा ढीगही नको, निदान ३० मीटर अंतर असू द्या, आणि ढीग उताराच्या खालच्या अंगाला. या सगळ्यातून ज्या दोन-तीन जागा उरतील, त्यांतली स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारी निवडा, माती तिथली थोडी कमी प्रतीची असली तरी. माती सुधारता येते. पण जी बाग येता-जाता दिसत नाही, तिच्यातली कीड आठवड्याने दिसते.

जुन्या घराच्या भिंतीला लागून वाफे करणार असाल तर थांबा. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, आणि खरवडलेला किंवा पोपडे उडालेला रंग भिंतीच्या पायाशी मातीत मिसळलेला असतो. जुन्या फळबागेच्या जागेवरही असाच धोका असतो, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांत फळझाडांवर लेड आर्सेनेट हे शिसं असलेलं कीटकनाशक फवारलं जात असे, आणि शिसं जमिनीतून निघून जात नाही. लहान मुलं मातीत खेळणार, हात तोंडात घालणार. तेव्हा भिंतीपासून काही मीटर दूर राहा आणि शंका असेल तर मातीची शिशासाठी वेगळी तपासणी करा. नेहमीच्या माती परीक्षणात ती नसते, ती मागून घ्यावी लागते. जुने रेल्वे स्लीपर किंवा औषध लावलेलं जुनं लाकूड वाफ्याच्या कडेला वापरू नका, त्यांत क्रिओसोट किंवा आर्सेनिक असू शकतं. खरं तर कडेला काही लावायची गरजच नाही. मातीचा नुसता गादीवाफा करा, तो स्वस्तही पडतो आणि पुढे हलवताही येतो.

जागा ठरली की दोन खड्डे खणा. पहिला निचऱ्यासाठी: एक फूट खोल, एक फूट रुंद. पाण्याने काठोकाठ भरा, पूर्ण जिरू द्या, आणि लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला अडीच ते सात-आठ सेंटिमीटर उतरलं तर उत्तम. अडीचच्या आत असेल तर वाफे जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटर उंच करावे लागतील. पाणी बघता बघता गायब झालं तर माती वाळूची किंवा मुरमाड आहे, तिथे उलट वाफे जमिनीच्या पातळीतच ठेवा आणि आच्छादन जाड घाला.

दुसरा खड्डा नुसता बघण्यासाठी. फावड्याने एक सरळ उभी कड कापा आणि तिच्यासमोर बसा. वरचा काळसर थर किती जाडीचा आहे, मुळं किती खोल गेली आहेत, गांडुळं आहेत का, आणि कुठे एखादा असा पट्टा आहे का जिथे मुळं आडवी वळली आहेत. असा पट्टा दिसला तर तिथे जमीन दबून टणक झाली आहे, बहुतेक अवजड यंत्रांनी किंवा जनावरांच्या खुरांनी. तेवढा थर मात्र एकदा काट्याने किंवा पहारीने सैल करायला हवा. माती उलटीपालटी न करता नुसती उचलून सोडायची.

मातीचा पोत ओळखायला एक काचेची उभी बरणी घ्या. गवताच्या खालची माती एक तृतीयांश भरा, खडे आणि मुळं काढून, वर पाणी आणि चिमूटभर कपड्याचा साबण. पाच मिनिटं चांगली हलवा आणि सपाट जागी ठेवून द्या. पहिल्या मिनिटाभरात तळाशी बसेल ती वाळू, तिच्या कडेवर बरणीला रेघ मारा. दोन तासांनी त्यावर बसलेला थर गाळाचा, तिथे दुसरी रेघ. वरचं पाणी नितळायला एक-दोन दिवस लागतात, आणि सगळ्यात शेवटी जी मऊ, साबणासारखी साय जमते ती चिकणमाती. चिकणमातीचा थर एक तृतीयांशाच्या वर गेला तर तुमची जमीन भारी आहे: अन्नद्रव्यं धरून ठेवेल, पण ओली असताना पाय ठेवला की दगड होईल. वाळू तीन चतुर्थांश असेल तर पाणी आणि खत दोन्ही थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं लागेल. ही बरणी मुलांना करू द्या, रेघा मारायचं काम त्यांचं.

सोबत माती परीक्षणही करा. बागेच्या जागेतून आठ-दहा ठिकाणांहून १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती घ्या, एकत्र कालवा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. जुना शेणाचा ढीग, झाडाचा बुंधा, कुंपणाची कड इथली माती नको. अहवालात सामू, म्हणजे माती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा (पीएच), आधी बघा. ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर बहुतेक भाज्या खूश असतात. त्याच्याखाली असेल तर चुना लागतो, वर असेल तर कंपोस्ट आणि धीर. अहवाल हातात येईपर्यंत कुठलीही खताची गोणी आणू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येते, नांगरणी का नको. पडीक जमिनीतलं तण दोन जातीचं असतं. एक बियांवर येणारं, जे एकदा उपटलं की संपतं. दुसरं जमिनीखाली जगणारं, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला हरळी आणि लव्हाळा दोन्ही दिसतात. हरळीचे जमिनीखालचे दोर ट्रॅक्टरने कापले की प्रत्येक पेराला नवा कोंब फुटतो. नांगर फिरला की तीन आठवडे जमीन सुंदर दिसते, आणि मग पूर्वी जिथे हरळीचे ठिपके होते तिथे सगळीकडे गालिचा होतो. लव्हाळा त्याहून चिवट. तो हाताने ओढला की पात हातात येते आणि तुटल्याचा बारीक टक असा आवाज होतो. खाली हरभऱ्याएवढी काळी गाठ तशीच राहते, तिच्यापासून पुढे दोरीसारखं मूळ जातं आणि त्यावर दुसरी गाठ, मग तिसरी. म्हणून लव्हाळा ओढायचा नाही, माती ओलसर असताना बारीक काट्याने खालून उचलायचा आणि गाठीसकट काढायचा. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये घालू नका.

पहिल्या वर्षीच्या वाफ्यांसाठी माझी पद्धत अशी आहे. गवत अगदी जमिनीलगत कापायचं, भरपूर पाणी द्यायचं आणि वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या काळात पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीत गाडून. चार ते सहा आठवडे. प्लास्टिक पारदर्शकच हवं, खालची माती तापण्यासाठी ऊन आत जायला लागतं. बहुतेक बियाणं, बऱ्याच बुरश्या आणि वरच्या थरातली हरळी याने मरते. ऊन तेवढं कडक नसेल तर जाड काळी ताडपत्री घाला, पण मग दोन-तीन महिने ती तशीच ठेवायची. पुठ्ठा अंथरून वर कंपोस्ट घालण्याची पद्धत आता बरीच सांगितली जाते, आणि नुसत्या गवतावर ती चांगली चालते. लव्हाळ्यावर नाही. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पुठ्ठा काय, पातळ प्लास्टिकही भोसकून वर येतो. लव्हाळ्याला सावली सोसत नाही एवढीच त्याची कमजोरी. म्हणून जिथे तो दाट आहे तिथे पहिली दोन वर्षं भोपळा किंवा रताळ्यासारखं जमीन झाकणारं पीक घ्या आणि अधूनमधून येणारे कोंब दिसल्या दिवशी काढा.

झाकण काढल्यावर लगेच पेरू नका. वाफे तयार करा, पाणी द्या आणि दहा-बारा दिवस वाट बघा. उरलेलं तण उगवेल. ते दोन पानांवर असताना खुरप्याने वरवर, दोन सेंटिमीटरपेक्षा खोल न जाता, कापून टाका. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येईल. मगच पेरा. या दहा दिवसांनी पुढची निम्मी खुरपणी वाचते, आणि तरी हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते.

वाफ्याची रुंदी १.२ मीटर एवढ्यासाठी की दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. मुलांचा हात लक्षात घेऊन एखादा वाफा ९० सेंटिमीटरचा केलात तरी चालेल. मधली वाट ४५ ते ६० सेंटिमीटर, आणि एक वाट हातगाडी जाईल अशी ९० सेंटिमीटरची. माती वाफशावर आली असेल तेव्हाच काम करा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा: फुटून विखुरला तर वाफसा आहे, चपटा होऊन बसला तर अजून दोन दिवस थांबा, गोळाच होत नसेल तर आधी पाणी द्या. भारी जमिनीत एकदा ओल्यात फावडं चाललं की ती ढेकळं पूर्ण हंगाम छळतात.

खत म्हणून पहिल्या वर्षी पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा ५ सेंटिमीटर थर द्या. २० चौरस मीटरला त्याचं एक घनमीटर होतं. पुढच्या वर्षांत १ ते २ सेंटिमीटर पुरतात. दरवर्षी शेणखताचा जाड थर घालत राहिलं तर स्फुरद (फॉस्फरस) साठत जातं आणि झाडांना लोह, जस्त मिळेनासं होतं. कच्चं शेण वापरायचं असेल तर भाजी काढण्याच्या निदान १२० दिवस आधी मातीत मिसळलेलं हवं. अमेरिकेच्या सेंद्रिय प्रमाणकात मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी हाच नियम आहे, आणि ज्या घरात मुलं गाजर उपटून धुवायच्या आत दाताखाली घेतात त्या घराने तो पाळावाच.

बाहेरून शेणखत किंवा वाळलेलं गवत आणणार असाल तर एक चाचणी केल्याशिवाय ते बागेत घालू नका. कुरणांवर रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड अशी तणनाशकं वापरली जातात. ती गवतात टिकतात, जनावराच्या पोटातून शेणात उतरतात आणि कंपोस्ट झाल्यावरही काम करतात. तीन कुंड्यांत ते खत आणि स्वच्छ माती अर्धी-अर्धी मिसळून भरा, तीन कुंड्यांत नुसती स्वच्छ माती. प्रत्येकीत घेवड्याचे किंवा वाटाण्याचे चार दाणे. दोन-तीन आठवड्यांत तीन-चार पानं येतील. खताच्या कुंड्यांमधली पानं वाटीसारखी आत वळली, शेंडा पिळवटला, शिरा जवळजवळ आल्यासारख्या दिसल्या आणि दुसऱ्या कुंड्यांमधली रोपं मात्र सरळ असली, तर ते खत परत पाठवा. टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांना याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. असं खत एकदा पसरलं की परत गोळा करता येत नाही आणि वाफा दोन-दोन वर्षं वाया जातो. मनापासून सांगते, बाकी काही केलं नाहीत तरी ही कुंड्यांची चाचणी करा.

बियाण्याच्याही आधी कुंपण. तुमच्या जागेभोवती मोकळं रान आहे, म्हणजे कोणी ना कोणी जनावर येणारच, आणि ते कोवळं रोप लागल्याच्या रात्री येतं. सशासाठी अडीच सेंटिमीटर भोकांची जाळी ९० सेंटिमीटर उंच, खालची १५ ते ३० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीखाली. हरणासाठी २.४ मीटर उंची लागते, त्याहून कमी असेल तर ते उडी मारतं. रानडुकराला उंचीने फरक पडत नाही, खालची कड मजबूत हवी किंवा जमिनीलगत विजेची तार. २० चौरस मीटरच्या बागेला हे परवडतं. माकडं असतील तर साधं कुंपण उपयोगी नाही, मग वरूनही जाळी टाकावी लागते, किंवा जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्यांवर भर द्यावा लागतो.

काय लावायचं ते घरात जे रोज शिजतं त्यावरून ठरवा, तेवढं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. संख्येबद्दल मात्र सांगते, कारण तिथे अंदाज चुकतो. पाच माणसांना टोमॅटोची सहा रोपं, वांग्याची तीन, मिरचीची चार, काकडीचे दोन वेल, भोपळ्याचा एक. पहिली तिन्ही मिळून एका वाफ्यात बसतात. दुसऱ्या वाफ्यात घेवडा आणि वाटाणा. तिसऱ्यात पालेभाज्या आणि मुळा, आणि हा वाफा एकदम पेरायचा नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी त्याची एक पट्टी पेरायची. पालेभाजी आणि मुळा साधारण महिन्यात हाताशी येतो, त्यामुळे पहिली भाजी लवकर ताटात येते आणि मुलांचं लक्ष टिकून राहतं. काकडी आणि भोपळा कडेला, वेल बाहेर सोडून. चौथा वाफा हातात असेल तर कांदा, लसूण. बटाटा आणि गाजर पहिल्या वर्षी टाळा. जुनं गवत मोडलेल्या जमिनीत हुमणी (पांढरी, जाड अळी) आणि तारेसारख्या पिवळसर कडक अळ्या एक-दोन वर्षं असतात, आणि त्या आधी कंदांनाच भोकं पाडतात.

बी कधी टाकायचं हे तारखेपेक्षा मातीच्या उबेवर ठरवा. घेवडा आणि काकडीला माती १५ अंशांच्या वर हवी, थंड ओल्या मातीत त्यांचं बी कुजतं. पालक आणि लेट्युसचं उलट, ३० अंशांच्या वर ते उगवायला कुरकुर करतात. टोमॅटोला फुलं येऊन गळत असतील तर बहुतेक वेळा दिवस ३५ अंशांच्या वर किंवा रात्र १३ च्या खाली असते. त्यावर औषध नाही, हवा बदलली की फळ धरतं. वेलींवर पहिली काही फुलं नर असतात, ती गळायचीच. मागे छोटं फळ असलेलं फूल येईपर्यंत थांबा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल टाकायचं. जुनं बियाणं कोणी दिलं तर ओल्या कागदात दहा दाणे गुंडाळून उबेत ठेवा आणि किती उगवतात ते बघा. कांद्याचं बी वर्षभरच चांगलं राहतं, टोमॅटोचं चार वर्षं सहज जातं.

पाणी आठवड्यातून दोन-तीनदा, खोल. रोज थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं. पाणी दिल्यावर तासाभराने बोट नाही, खुरपं खुपसून बघा, १५ सेंटिमीटरपर्यंत ओल गेली पाहिजे. ठिबक बसवता आलं तर पहिला खर्च त्यावर करा. पानं कोरडी राहिली की करपा कमी येतो, आणि चार दिवस गावाला जायचं झालं तर शेजाऱ्याला फक्त नळ सोडायला सांगावं लागतं. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला तर ती बुरशी नाही. पाणी कधी कमी कधी जास्त झाल्याने फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून तसं होतं. पाण्याची लय सुधारली की पुढची फळं नितळ येतात. वाफ्यावर ५ ते ८ सेंटिमीटर वाळलेलं गवत किंवा पालापाचोळा अंथरा, खोडाला चिकटू न देता. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो. वर अंथरला तर चालतो.

किडीसाठी पहिल्या वर्षी फवारणीपेक्षा फेरी महत्त्वाची. रोज सकाळी दहा मिनिटं, पानं उलटून बघत. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, अंडी दिसली तर पान चिरडा. हंगाम संपल्यावर प्रत्येक रोप उपटून मुळं बघा. टोमॅटो किंवा भेंडीच्या मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत, त्या वाफ्यात पुढच्या वर्षी तीच कुळं नकोत. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींना घाबरू नका, त्या बोटाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी असतात, त्या नत्र बांधतात. सूत्रकृमींवर झेंडू चालतो हे खरं, पण कडेला चार रोपं लावून नाही. अख्खा वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूने भरावा लागतो. टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटा हे एक कुळ, ते एकाच वाफ्यात तीन वर्षांनी परत यावं, एवढी फेरपालट पुरे.

घरातल्या सगळ्या मोठ्यांनी धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली आहे का ते बघा. जुन्या जागेच्या मातीत खिळे, काचा, तारा निघतातच. मुलांना काम देताना त्यांचा स्वतःचा एक मीटर द्या, त्यात काय पेरायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि तिथलं तण मोठ्यांनी गुपचूप काढायचं नाही.

उरलेल्या अर्ध्या एकराचं काय, तर तिथे गवत राहू द्या आणि फुलोरा यायच्या आधी कापत राहा, म्हणजे नवं बी पडणार नाही. कापलेलं गवत वाळवून वाफ्यांच्या आच्छादनाला वापरा. पुढच्या वर्षी जो तुकडा बागेत घ्यायचा असेल त्यावर हंगाम संपताच ताडपत्री टाकून ठेवा. फळझाडांच्या जागा मात्र आत्ताच ठरवा, कारण त्यांना वर्षं लागतात. ती लावताना मोठी झाल्यावर त्यांची सावली कुठे पडेल ते खुंट्यांवरून बघा आणि सूर्य ज्या अंगाने फिरतो ते अंग बागेसाठी मोकळं ठेवा.

माती आणि पाणी दोन्हीचे अहवाल आले की सामू आणि वाहकतेचे आकडे कळवा, बरणीतल्या तीन थरांची उंचीही मोजून कळवा. चुना लागेल का, आणि लागला तर किती, हे त्यावरून सांगता येईल. हलक्या आणि भारी जमिनीत त्याचं प्रमाण बरंच वेगळं असतं.